सांधणीचा डोळा

आमच्या घरात जाड भिंगाचा चष्मा ही लाजेची गोष्ट कधीच नव्हती. ज्या मुलांना शाळेतला फळा दिसत नाही ती इतर घरांत बिचारी ठरतात. आमच्याकडे ती लाडकी ठरायची. याला कारण आमचा धंदा. आम्ही अड्याळचे, कोसा म्हणजे रानरेशीम विणणारे. पूर्वी आमच्या गल्लीत घरोघर हातमाग होते. आता मोजके उरलेत, त्यांतला एक आमचा.

कोशाच्या कामात सगळ्यात नाजूक काम म्हणजे सांधणी. मागावरचं कापड विणून संपत आलं की ताण्याचे, म्हणजे उभे धागे पार उपसून काढत नाहीत. त्यांची टोकं तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचं एकेक टोक एकेका जुन्या टोकाशी जोडतात. बोटांना चुलीतली राख लावायची, दोन टोकं एकत्र धरायची, पीळ द्यायचा, की पुढचं टोक. अशी हजारो. त्यात कोशाचा धागा मोठा लबाड, उजेडात चमकतो आणि जरा सावली आली की नाहीसा होतो. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाने या कामाला हात लावू नये.

मी चाळिशी ओलांडल्यावरही ते करत होते. चष्मा काढून खिडकीत ठेवायचा, तोंड ताण्यापासून चार बोटांवर न्यायचं, की मला धाग्यावरचं कुसळसुद्धा दिसायचं. दूरचं मात्र म्हणाल तर चष्म्याशिवाय दारात म्हैस उभी आहे की पाहुणे, हे मला वासावरून ठरवावं लागे.

या अशा नजरेला आमच्या घरात नाव होतं, सांधणीचा डोळा. आजोबांना होता म्हणे. बाबांना होता. मग मला आला, तेव्हा मी तिसरीत होते. चष्म्याचा नंबर वाढला की आई शेजारणीला असं सांगायची की जणू मी वर्गात पहिली आले. धाकट्या काकांची नजर स्वच्छ होती. त्यांना तलावाच्या पलीकडच्या काठावरचे बगळे मोजता यायचे, पण सांधणी जमायची नाही. आम्ही त्यांची कीव करायचो. चांगल्या डोळ्यांबद्दल कीव करणारं आमचं एकच घर असावं जिल्ह्यात.

इतकं जवळचं इतकं स्पष्ट दिसतं ते डोळ्याचा आकार बिघडला म्हणून, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून मिळत होता, मग डॉक्टर हवा कशाला. माझा नंबर अकरावर गेला होता. डावा डोळा तर लहानपणापासून मंदच. चष्मा लावूनही त्याला पाटीवरची मोठी अक्षरं तेवढी कळत. सगळा भार उजव्यावर. मुलगी पाहायला आलेली मंडळी चहा पीत पीत माझ्या भिंगांकडे पाहायची, पोह्यांची तारीफ करायची आणि परत यायची नाही. शेवटी लग्न राहिलंच. मी त्याचं फार दुःख केलं नाही. माझ्याकडे माग होता आणि माझ्याइतकी सांधणी गावात कुणाची नव्हती, याचा मला भरपूर तोरा होता.

बाबांचा एक डोळा मी विशीत असताना गेला. ती गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ होती. तेव्हा आमच्या पडवीत दोन माग समोरासमोर होते, एकावर बाबा, दुसऱ्यावर काका. एका दुपारी काकांच्या मागावरून धोटा उडाला. धोटा म्हणजे आडवा धागा पोटात घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी असलेला. दोरी जोरात ओढली गेली तर तो कधी कधी मागाबाहेर सुटतो. तो बाबांच्या तोंडावर बसला. रक्त आलं. पुढे काही दिवसांतच त्या डोळ्याने दिसेनासं झालं.

बाबा काकांना एक शब्द बोलले नाहीत. बोलली ती आई. काका विचारपूस करायला आले तर तिने त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. दिवसचे दिवस ते अंगणात येऊन उभे राहायचे, मग यायचे बंद झाले. त्यांनी आपला माग विकला. धोट्याला पुन्हा हात लावणार नाही म्हणाले, आणि धानाच्या धंद्यात पडले. करडीकडच्या गावांतून धान घ्यायचं आणि तुमसरच्या गिरण्यांना पोचवायचं. अंगणात मधोमध विटांची भिंत आली. तिच्या या बाजूला आम्ही, त्या बाजूला काका. वीस वर्षांहून अधिक काळ दोन भाऊ एकमेकांचा खोकला ऐकत राहिले, पण बोलले नाहीत.

तो दिवस दिवाळीनंतरचा. धानाची कापणी आटोपत आली होती आणि लग्नसराईच्या साड्यांचं काम अंगावर होतं. जेवणाआधी मी खिडकीपाशी सांधणीला बसले होते. दोन दिवसांपासून माझं डोकं जरा फिरलेलंच होतं, कारण खोलीतला दिवा मधेच चमकतो असं मला वाटत होतं. डोळ्याच्या कडेला लख्खकन उजेड व्हायचा. वायरमनला बोलावून मी त्याच्याशी भांडलेही होते. तो बिचारा होल्डर बदलून गेला, तरी उजेड चमकायचा तो चमकतच होता, आणि त्याच्या कामाबद्दल मी आईजवळ बरंच काही बोलून घेतलं होतं.

त्या दिवशी ताण्यावर काळे धागे आले. बारीक, वळलेले, काजळी पडावी तसे. मी एक चिमटीत धरायला गेले तर तो सरकला. दुसरा धरला तर चिमूट रिकामी. आईने पडवी झाडली असेल, कचरा उडाला असेल, असं पुटपुटत मी ते वेचत राहिले.

बाबा समोरच्या खाटेवर बसून आडव्या धाग्याच्या कांड्या भरत होते. त्यांचा हात थांबल्याचं मला आवाजावरून कळलं.

“तू काय वेचून राहिली?” त्यांनी विचारलं.

“काळं काहीतरी पडलंय ताण्यावर.”

“ताण्यावर काहीच नाही, बाई.” मग त्यांनी कांडी खाली ठेवली. “उजेड चमकते का? बाजूनं?”

मी मान वर केली. चमकणाऱ्या दिव्याबद्दल मी त्यांना सांगितलं होतं, पण बाजूने चमकतो हे सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं. ते खाटेवरून उठले, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, डावा डोळा झाक आणि सरळ समोर पाहा, खालून काळं आलंय का ते सांग. मी झाकला. खाली, नाकाच्या बाजूला, धुरकट कड होती. सकाळपासून होती बहुतेक. मला ती माझ्या नाकाचीच सावली वाटली होती.

“आहे,” मी म्हणाले.

बाबांचा चेहरा मला त्या अंतरावर अस्पष्टच दिसत होता, तरी तो उतरलेला कळला. त्यांनी माझ्या हातातली राख आपल्या धोतराच्या सोग्याने पुसली. ऊठ म्हणाले. आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, आधी जेवून घ्या, डोळ्यात गुलाबपाणी घाल, पुढल्या आठवड्यात डोळ्यांचं शिबिर आहे तिथे दाखवू. बाबा आयुष्यात आईवर कधी आवाज चढवून बोलले नव्हते, त्या दिवशीही चढवला नाही. पण शिबिरापर्यंत थांबलो तर पोरगी आंधळी होईल, असं ते तिला म्हणाले. आणि आईने पुढे काही बोलायच्या आत ते उलट्यासुलट्या चपला घालून बाहेर पडले.

मला वाटलं ते बसस्टँडवर चौकशीला गेले. मग भिंतीपलीकडून कडी वाजल्याचा आवाज आला. मागोमाग बाबांचा आवाज, जो त्या अंगणात मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

“पोरीचा डोळा चालला,” ते म्हणाले. एवढंच.

काकांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. त्यांच्या जीपचं इंजिन मात्र लगेच सुरू झालं. मी बाहेर आले तेव्हा काका अनवाणीच गाडीत बसलेले होते. आईचे गुडघे तिला प्रवास करू देत नाहीत, ती घरी राहिली. दारात उभी राहून ती काकांकडे पाहत होती. मला मात्र खरं सांगायचं तर अजून राग येत होता. एका डोळ्याच्या कचऱ्यासाठी एवढा आकांत, असंच माझ्या मनात होतं.

भंडाऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो राग उतरवला. त्यांनी थेंब घातले, बाहुली मोठी होईपर्यंत बसवून ठेवलं, मग कपाळाला दिवा बांधून बराच वेळ आत पाहिलं. सुरुवातीला ते पाहता पाहता गप्पा मारत होते. मग गप्पा बंद झाल्या. डोळ्याच्या आतला पडदा वरच्या बाजूला फाटलाय आणि भिंतीपासून सुटत चाललाय, ते म्हणाले. वरून सुटतो म्हणून सावली खालून दिसते. नजरेचा मधला भाग अजून चिकटलेला आहे. तो सुटायच्या आत नागपूरला पोचा. तो सुटला तर नंतर शस्त्रक्रिया करूनही पहिल्यासारखं दिसणार नाही. किती वेळ आहे, असं बाबांनी विचारलं. ते सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. आज आहे, उद्याचं माहीत नाही. गाडीला हिसके बसू देऊ नका, मान हलवू नका. त्यांनी तिथूनच नागपूरला फोन केला.

भंडारा ते नागपूर रस्ता मी कितीतरी वेळा गेलेली आहे. कोसा द्यायला, जरीचा धागा आणायला, एकदा तर नुसतं सोनपापडी खायला. त्या दिवशी तो रस्ता संपता संपेना. काकांच्या जीपमध्ये काचेपाशी गणपतीची छोटी मूर्ती चिकटवलेली होती. मी मान टेकून, डावा डोळा हाताने झाकून समोरच्या रस्त्याकडे पाहत बसले. नजर सरळ ठेवली की मूर्तीचे पाय सावलीत जायचे. भंडारा सोडताना फक्त पाय जात होते. मी दर थोड्या वेळाने डोळा मिटून पुन्हा उघडायचे आणि पाय, मांडी, पोट असा हिशेब करायचे. धानाच्या पोत्यांनी फुगलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते. एरवी काका अशा ट्रॅक्टरवाल्यांना नावानिशी हाका मारून शिव्या घालायचे म्हणे. त्या दिवशी ते हॉर्नही वाजवेनात. खड्डा आला की गाडी इतकी हळू करायचे की मागच्या गाड्या ओरडायच्या.

बाबा मागच्या सीटवर होते. मला भीती वाटली की माझी जीभ चालायला लागते. मी म्हणाले, “मूर्तीची मांडी गेली.” काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी स्टिअरिंग धरलेल्या हाताची पकड बदलली, इतकंच. आता मला खरंच भीती वाटत होती. डाव्या डोळ्याने जगायचं म्हणजे काय ते मी हात तिकडून इकडे करून पाहिलं. रस्त्यावरचं झाड होतं की माणूस, कळत नव्हतं. सांधणी तर गेलीच. ताट वाढलेलं असेल आणि वाटीत काय आहे ते विचारावं लागेल, हे मनात आलं आणि मी हात पुन्हा डाव्या डोळ्यावर नेला.

नागपूरची डॉक्टर माझ्याहून लहान होती. बोलायला झटपट, हाताला हलकी. तिने पुन्हा थेंब, पुन्हा दिवा केलं, आणि मग डोळ्याची लांबी मोजली. डोळ्याला लांबी असते हे मी पहिल्यांदा तिथे ऐकलं. आपला डोळा मोसंबीसारखा सगळीकडून सारखा गोल असतो अशीच माझी समजूत. तिने सांगितलं की पुढून मागपर्यंत बहुतेकांचा डोळा तेवीस-चोवीस मिलिमीटरचा असतो. माझा उजवा अठ्ठावीसच्या वर होता, डावाही तेवढाच. डोळा लांबला की चित्र पडद्याच्या अलीकडेच पडतं, म्हणून दूरचं दिसत नाही. त्याला चष्मा लावला की काम भागतं. पण चष्मा लांबी कमी करत नाही. डोळ्याची भिंत मागे मागे वाढते आणि आतला पडदा तिच्याबरोबर ताणला जातो, पातळ होतो, कडेला विरतो.

हे मला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही. ताणा गरजेपेक्षा जास्त ताणला की तो कुठे तुटतो ते मला माहीत आहे. आधी कडेचे धागे जातात.

“म्हणजे जवळचं चांगलं दिसत होतं ते...” मी म्हणाले.

“ते याचमुळे,” ती म्हणाली. “तुमच्यासारख्यांनी तर वर्षातून एकदा आतून तपासून घ्यायलाच हवं.”

आमच्या घरात या डोळ्याचे पेढे वाटले जात होते, हे मी तिला सांगितलं नाही.

मग तिचं लक्ष बाबांकडे गेलं. ते दाराशी काठी टेकून उभे होते, आणि त्यांच्या मागे, निम्मे बाहेर, हातात किल्ली घेऊन काका. बाबांचा चष्माही जाड आहे आणि एक डोळा गेलेला आहे, हे पाहायला तिला वेळ लागला नाही. तिने त्यांनाही खुर्चीवर बसवलं आणि चांगला डोळा मोजला. तो सत्तावीसच्या पुढे निघाला. हा कसा गेला, असं तिने दुसऱ्या डोळ्याबद्दल विचारलं. मार लागून की आपोआप?

उत्तर काकांनी दिलं. “माया हातून धोटा लागला, मॅडम.” ते इतक्या सवयीने म्हणाले की बहुतेक वर्षानुवर्षं ते वाक्य त्यांच्या तोंडात तयारच असावं.

डॉक्टर लिहायला लागली. बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाजूच्या चमकण्याबद्दल बाबांना कसं कळलं, खालच्या काळ्याबद्दल कसं कळलं, हा सकाळचा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात परत आला. मी म्हणाले, बाबा, खरं सांगा, त्यांना लिहायचंय.

“धोटा भुवईले लागला,” बाबा म्हणाले. “डोळ्याले नाही. डोळा पहिलेच जाऊन राहिला होता. चार-पाच दिवसांपासून. मीबी वेचत होतो, हिच्यासारखाच.”

डॉक्टरने लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. तिच्यासाठी ती एक ओळ होती.

कुणाला सांगितलं काहून नाही, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मान हलवू नका म्हणून सांगितलेलं, म्हणून मी मान न हलवता, समोरच्या भिंतीकडे पाहून ओरडत होते. दुरून पाहणाऱ्याला मी भिंतीशीच भांडते असं वाटलं असेल.

“तुले पाहाले येत होते लोक,” बाबा म्हणाले. “घरात डोळ्याची खोड आहे असं झालं असतं तर कोण आलं असतं? धोट्यानं गेला म्हटलं तर ते नशिबाचं झालं. तुया अंगावर येत नव्हतं.”

मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही. माझं लग्न झालं नाही ते नाहीच, आणि माझा डोळा कुणीतरी वेळेत तपासला असता, तेही राहिलं. त्याच नजरेचं कौतुक करत त्यांनी मला वीस वर्षं ताण्यावर वाकवलं. तसं मी बोललेही. तुया डोळ्याले असं होईन असं वाटलंच नाही मले, असं ते म्हणाले. आणि मग त्यांचा एकच चांगला डोळा वाहायला लागला. ते पाहून माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

काका आत आले, बाबांच्या समोर उभे राहिले.

“दादा, मी माग विकला,” ते म्हणाले. “वहिनीनं उंबरा बंद केला, मी म्हटलं बरोबर आहे. झोपेत मले धोटा दिसते अजून. अन् तुले माहीत होतं.”

बाबांनी मान खाली घातली. काकांनी जीपची किल्ली खिशात टाकली आणि ते निघून गेले. जिन्यावर त्यांचे अनवाणी पाय वाजले, मग तेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी शस्त्रक्रिया झाली. ती व्हायच्या आधी मी डावा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. खालचा अर्धा महिना सावलीत गेला होता, मधला आकडा अजून दिसत होता. मी तोच आकडा पाहत राहिले, त्यांनी मला न्यायला येईपर्यंत. बाबा बाहेरच्या बाकड्यावर होते. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, पण जाताना त्यांनी माझा हात धरला आणि मी तो सोडवून घेतला नाही.

आतलं पाणी काढून, फाटलेली जागा लेसरने शेकून, डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. तो बुडबुडा पडद्याला भिंतीशी दाबून धरतो, म्हणून काही दिवस तोंड खाली करून राहायचं, असं डॉक्टरने सांगितलं. पट्टी काढल्यावर तिने आत पाहिलं आणि पडदा बसलाय म्हणाली. किती दिसेल ते बुडबुडा विरल्यावर कळेल. लांबी मात्र तेवढीच राहणार. डोळा पुन्हा आखूड होत नाही. दुसरा डोळाही तितकाच लांब आहे आणि वडिलांचा उरलेला डोळाही लांबच, तेव्हा आता जन्मभर पहारा ठेवायचा. बाबांच्या त्या डोळ्यात कडेला दोन विरलेल्या जागा निघाल्या. तिने त्या तिथल्या तिथे लेसरने पक्क्या केल्या.

आम्ही भाड्याच्या गाडीने अड्याळला परत आलो. काकांची जीप भिंतीपलीकडे उभी होती, पण ते बाहेर आले नाहीत. बाबांनी आईला सगळं सांगितलं. आई चुलीपाशी बसून राहिली, त्या दिवशी तिने भाजीत मीठ घातलं नाही आणि कुणी मागितलंही नाही.

माझी खाट पडवीत मागाच्या बाजूला टाकली होती. मी पालथी, कपाळ उशीवर, डोळ्यांपुढे शेणाने सारवलेली जमीन. उजव्या डोळ्यात नुसतं हलतं पाणी दिसायचं. जेवण तसंच, झोप तशीच. मान आखडून लाकूड झाली होती आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, दिसेल की नाही. अर्धवट सांधलेला ताणा तिथेच लोंबत होता. लग्नाची साडी वेळेवर जाणार नव्हती, आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं, हेच मला विचित्र वाटायचं.

अशीच एक दुपार. उंबऱ्यापाशी कुणीतरी येऊन थांबलं. खाटेच्या कडेखालून मला पाय दिसत होते, पण चष्म्याशिवाय ते नुसते दोन काळपट डाग. ओळखू आला तो खोकला. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून पाठ झालेला.

आई स्वयंपाकघरातून आली. उंबऱ्यापाशी येऊन तीही थांबली. मग आई उंबऱ्यापासून बाजूला झाली, हे मला तिच्या बांगड्यांवरून कळलं. ते डाग उंबरा ओलांडून आत आले.

“मी दादाकडे नाही आलो,” काका माझ्या डोक्याशी येऊन म्हणाले. “तुयाकडे आलो. दिसते का?”

“पाणी दिसतं,” मी म्हणाले. “पण चमकत नाही आता.”

ते हुं म्हणाले. मग त्यांनी ताणा कुठपर्यंत सांधला आहे ते विचारलं. मी म्हणाले, अर्ध्याच्या वर आहे. ते मागापुढच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात उतरले. लाकूड करकरलं. थोड्या वेळाने त्यांचा वैतागलेला सुस्कारा ऐकू आला. ज्या डोळ्यांना तलावापलीकडचे बगळे दिसायचे त्यांना आता चाळिशीच्या चष्म्यातूनही कोशाचं टोक सापडत नव्हतं.

खाटेवर बसलेले बाबा उठले. त्यांनी चष्मा काढून खिडकीत ठेवल्याचा टक आवाज झाला. ते मागाजवळ जाऊन बसले असावेत. मी जमिनीकडे पाहत होते, आणि मला त्या दोघांपैकी एकाचाही चेहरा दिसणं शक्य नव्हतं.

“हे टोक घे,” बाबा म्हणाले.

खड्ड्यातलं लाकूड पुन्हा करकरलं.

“राख कुठं ठेवता तुम्ही आता?” काकांनी विचारलं.